टोपली भरेपर्यंत

होओलेहुआ, मोलोकाई
१९ जानेवारी

लोपाका,

माझ्या घराचा पत्ता तू कुणाला विचारून दिलास?

काल पॅरोल मंडळाच्या बाईंचा फोन आला. बोलायला चांगल्या होत्या. म्हणाल्या, तुमचे भाऊ सुटले तर तुमच्याकडे राहणार असं त्यांनी लिहून दिलंय, त्याला तुमची संमती लागेल. आणि मयत पलानी यांच्या पत्नीही तुम्हीच, तेव्हा भावाला सोडायला हरकत आहे का, हेही तुम्हालाच विचारायचंय. एकाच माणसाला हे दोन प्रश्न विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती म्हणे. मी म्हटलं, माझ्यावरही नाही. सुनावणी मे महिन्यात आहे. तोवर विचार करा म्हणाल्या.

विचार मी केलेला नाही, आणि हे पत्र त्यासाठी नाही. नोहेआबद्दल तुला कळायला हवं म्हणून लिहितेय. काही झालं तरी मुलगी तुझी आहे. तिच्या आईचं तर तुला माहीतच आहे. लास वेगासहून वाढदिवसाला एक मेसेज येतो, संपलं.

नोहेआ पंधराची झाली. उंची आपल्या आईवर गेलीय, तोंडही. नाताळच्या सुट्टीआधी तिने वर्गातल्या एका मुलीचं नाक फोडलं. रक्त, ओरडाआरडा, मुख्याध्यापकांच्या खोलीत मी खाली मान घालून. का मारलंस, तर सांगत नाही. शेवटी असं ठरलं की शाळेतून काढायचं नाही, पण संध्याकाळी हॉलमध्ये मुलांना कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायला शिकवतात तिथे तिने रोज जायचं. म्हणजे डोळ्यांसमोर राहील.

शिकवणारा म्हणजे गॅरेजवाल्या मियाशिरोचा धाकटा, डॅरन. लहानपणी आपल्या कुंपणावरून पडून दात पाडून घेतलेला. होनोलुलूतली नोकरी सोडून परत आलाय. पण झालं काय, मुलांसाठी मागवलेले लॅपटॉप तिकडेच बंदरात अडकलेत. समुद्र खवळलेला, मालाची बार्ज येत नाही. दुकानात अंडी नाहीत, टॉयलेट पेपर नाही, लॅपटॉप कुठून असणार? दहा-बारा पोरं आणि एक फळा. परवा डॅरन अंगणात आला तेव्हा मी गळ्यात घालायची फुलापानांची लेई करत बसले होते. उभा राहून बराच वेळ बघत राहिला.

"आंटी उलु, तुम्ही करताय तो प्रोग्रामच आहे."

"मी बोगनवेल गुंडाळतेय, डॅरन."

"तेच म्हणतोय. पान ठेवता, फूल ठेवता, दोरा तीन वेळा फिरवता, ओढता. मग पुन्हा पान. माझी मुलं फळ्यावर 'लूप' हा शब्द बघून जांभया देतात. तुम्ही येऊन हे शिकवा."

मी हसले. पण हो म्हटलं. सहा वर्षं नोहेआ माझ्या घरात आहे आणि तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळत नाही. निदान संध्याकाळी काय करते ते तरी दिसेल.

एवढंच.

उलुलानी


११ फेब्रुवारी

लोपाका,

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळी. नोहेआचा फोटो पाठव म्हणतोस. तिला विचारलं, नाही म्हणाली. मी पाठवत नाही.

वर्ग कसा चाललाय विचारलं नाहीस, तरी सांगते.

पहिल्या दिवशी डॅरनने मुलांना बजावलं, तुम्ही यंत्र आहात, आंटी सांगतील तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल लावायची नाही. अक्कल लावायची नाही म्हटल्यावर सगळे खूश. मी म्हटलं, पान ठेवा, त्यावर फूल, आता दोरा तीनदा फिरवा. काईनालूने दोरा स्वतःच्या नाकाभोवती तीनदा फिरवला. कशाभोवती ते मी सांगितलं नव्हतं ना! सगळा हॉल लोळायला लागला. मी पुन्हा सुरुवात केली. या खेपेस फुलं निसटून खाली पडली. का पडली मला कळेना. माझ्या हातून कधी पडत नाहीत.

नोहेआ कोपऱ्यातून म्हणाली, "तुम्ही पान आधी ओलं करता. आणि दोरा फिरवून झाला की अंगठ्याने दाबून धरता. ते सांगितलंच नाहीत."

"ते काय सांगायचं? हात आपोआप करतो."

"यंत्राला हात नसतो, आंटी. तुम्ही महत्त्वाचं असतं तेवढं नेमकं सांगत नाही. कधीच."

पोरं हसायची थांबली. डॅरन फळा पुसायला लागला, फळ्यावर काही नव्हतं तरी.

पण त्या दिवसापासून ती पुढे बसते. शिकतेही भराभर. डॅरन म्हणतो, तिचं डोकं या कामासाठीच आहे. मी सांगते त्यातली भोकं ती शोधून काढते. तीन पानांची जुडी आधीच बांधून ठेवली आणि तिला एक नाव दिलं, तर दर वेळी सगळं सांगायला नको, 'जुडी लाव' म्हटलं की पुरे, हे तिनेच काढलं. 'पुन्हा तेच करा' एवढंच सांगितलं तर यंत्र कधीच थांबणार नाही, हेही तिनेच दाखवलं. काईनालू यंत्र झाला होता. तो गुंडाळत गुंडाळत हॉलच्या दारापर्यंत गेला, शेवटी बाहेर. नोहेआ म्हणाली, "लेई छातीपर्यंत पोचली की थांब, असं आधी सांगायला हवं. थांबायचं कधी ते न सांगता काम सुरूच करायचं नसतं."

तिच्या मागे मागे इवा असते. मार्लीनची मुलगी, दहा वर्षांची. वर्गात बसायचं तिचं वय नाही, पण मार्लीन संध्याकाळी बेकरीत असते, म्हणून डॅरनने बसू दिलंय. नोहेआने केस वर बांधले की इवाचेही वर. नोहेआला त्याचा वैताग येतो. "सावली परवडली, ती बोलत तरी नाही," म्हणते.

मागच्या आठवड्यात जर-तर शिकवलं. जर फूल चुरगळलेलं असेल तर बाजूला ठेव, नसेल तर लाव. मग डॅरन म्हणाला, प्रत्येकाने घरचं एक जर-तर सांगा. काईनालू म्हणाला, "जर आईच्या हातात चप्पल, तर पळ." इवा म्हणाली, "जर आई झोपली असेल, तर टीव्हीचा आवाज बारीक." नोहेआची पाळी आली.

"जर बाबा घरी, तर मी बाहेर."

मी तिथेच होते, लोपाका. हातातली फुलं निवडत राहिले.

रात्री जेवताना मी विचारलं, तू त्या मुलीला का मारलंस? या वेळी बोलली. ती मुलगी म्हणाली होती, तुझा अंकल पलानीच पिऊन गाडी चालवत होता, सगळ्यांना माहीत आहे. म्हणून नाक फोडलं.

मी हातातला घास वाडग्यात ठेवला. सहा वर्षं झाली. कोर्टात सगळं सिद्ध झालं. स्टिअरिंग डावीकडे, आणि तुझ्या डाव्या खांद्यावर सीटच्या पट्ट्याचा वळ होता, गाडी तूच चालवत होतास, शेवटी तू कबूलही केलंस. पण त्याआधी तीन दिवस तू पोलिसांना सांगत राहिलास की स्टिअरिंगवर पलानी होता. ते तीन दिवस अजून या बेटावर फिरतायत. मेलेला माणूस काही बोलायला येत नाही.

नोहेआला मी हे कधी सांगितलं नव्हतं. तिला बाहेरून कळलं होतं. तिने फक्त विचारलं, "बाबा खोटं बोलले होते ना?" मी हो म्हटलं. तिने अळकुड्यांच्या पोईचा वाडगा पुढे ओढला आणि शेवटपर्यंत खाल्ला.

उलुलानी


१७ मार्च

लोपाका,

इवा जगेल की नाही माहीत नाही. घाईत लिहितेय, अक्षर लावून वाच.

काल शनिवारी आम्ही मुलांना घेऊन डोंगरावर गेलो. सोमवारी म्हाताऱ्यांचं जेवण आहे, त्यासाठी मुलं स्वतःच लिहिलेल्या सूचनांवरून लेई करणार होती, मी एक अक्षर बोलायचं नाही असं ठरलं होतं. त्याला नेचे हवे होते. दोन ट्रक, एक डॅरनचा, एक माझा. मुलं मागे बसली होती. काचेतून ऐकू येत होतं.

काईनालू म्हणाला, "नोहेआ, तुझे बाबा सुटून येतायत म्हणे? मग मी आता सायकल शेतातूनच चालवत जाईन. रस्त्यावर नको."

दोघं-तिघं हसली. मी गाडी थांबवून त्याला खाली उतरवायला हवं होतं. चिखलाचा चढ होता, थांबले तर चाकं रुतली असती. मी चालवत राहिले.

जंगलाच्या तोंडाशी उभी राहून मी, आपली आई मागायची तशी, आत जायची जंगलाकडे परवानगी मागितली. मुलांना सांगितलं, एका झाडाचं सगळं घेऊ नका, थोडं इथलं, थोडं तिथलं. मोठ्या मुलांबरोबर एकेक लहान दिलं. इवा अर्थातच नोहेआबरोबर.

दोन वाजता धुकं उतरलं. तुला माहीत आहे तिथलं धुकं, स्वतःचा हात दिसत नाही. डॅरनने शिट्टी वाजवली. सगळी आली. इवा नाही.

"तुझ्याबरोबर होती ना?" डॅरनने विचारलं.

"खाली गेली असेल. गाडीकडे," नोहेआ म्हणाली. "थंडी वाजतेय म्हणत होती."

गाडीत नव्हती. मग रस्त्याने खाली गेली असेल म्हणून आम्ही खाली शोधत निघालो. हाका मारून घसा बसला. पाऊस सुरू झाला. अग्निशमनवाल्यांना फोन केला, हायरम अंकलना फोन केला. ते डुकरांच्या शिकारीचे कुत्रे घेऊन आले. त्यांनी तोंड उघडलं ते एवढ्यासाठीच, "शेवटची कुठे दिसली?" आणि नोहेआने पुन्हा खाली बोट दाखवलं. कुत्रे खाली गेले. मार्लीन बेकरीच्या एप्रनमध्येच वर आली. ती ओरडत नव्हती, नुसती चिखलातून चालत होती आणि "इवा, आई आलीय, इवा" असं घरात बोलावं तशा आवाजात म्हणत होती.

उजेड कमी व्हायला लागला. मी नोहेआकडे पाहिलं. सगळे खाली बघत होते आणि ती वर बघत होती. आणि कानामागे खाजवत होती. खाजवून खाजवून तिथे लाल झालं होतं. लोपाका, ते मी ओळखते. लहानपणापासून बघितलंय मी ते, तू खोटं बोलायचास तेव्हा तुझ्या कानामागे.

मी तिला ट्रकच्या आडोशाला ओढलं.

"कुठे पाठवलंस तिला?"

"मी नाही पाठवलं."

"मग वर काय बघतेस?"

"आंटी, सोडा."

"अंधार पडतोय, नोहेआ. एकदाच विचारते."

तिचे दात वाजत होते. "ती सारखी बोलत होती. बाबा कधी येणार, मी बाबांना भेटू का. मी म्हटलं, जा, वरच्या बाजूला जा, टोपली भरेपर्यंत मला तोंड दाखवू नकोस. तिथे नेचे नव्हतेच, आंटी. नव्हते ते मला माहीत होतं. मला फक्त ती मागे मागे नको होती."

मी तिचा हात धरून तिला हायरम अंकलपुढे उभं केलं आणि म्हटलं, यांना सांग. तिने सांगितलं. सगळ्यांसमोर, मार्लीनसमोर. हायरम अंकलनी कुत्र्यांना शीळ घातली आणि चढायला लागले. जाताना एवढंच पुटपुटले, "तासाभरापूर्वी कळलं असतं तर..."

घळीच्या तळाशी सापडली. कडेला शेवटचे नेचे होते, ते काढायला वाकली असणार. पाय मोडलेला, पोट फुगलेलं, ओठ निळे. श्वास चालू होता. टोपली हाताला अडकवलेलीच, अर्धी भरलेली.

हेलिकॉप्टरने होनोलुलूला नेली. मार्लीन बरोबर गेली. पोटात रक्त साठलंय एवढं कळलं, मग फोन नाही.

नोहेआ स्वयंपाकघरात जमिनीवर बसलीय. फोन मांडीवर घेऊन. मी तिला काय सांगू? सांग तू. तूच सांगू शकशील, पण तू तिथे आहेस.

उलुलानी


३ एप्रिल

लोपाका,

इवा जगली.

प्लीहा काढून टाकली, मांडीत सळई घातलीय. लंगडेल कदाचित, डॉक्टर आत्ता काही सांगत नाहीत. परवा छोट्या विमानाने घरी आली.

मधले दिवस कसे गेले ते लिहीत नाही. डॅरनने वर्ग बंद केला. त्याचं म्हणणं, 'थांबायचं कधी ते आधी सांगा' हे मी शिकवतो आणि स्वतः दहा मुलांना जंगलात सोडून देतो. लॅपटॉप इवा पडली त्याच्या तिसऱ्या दिवशी बार्जने आले. खोकी अजून त्याच्या बापाच्या गॅरेजमध्ये टायरांशेजारी पडलीत, चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही. दुकानात गेले की लोक माझ्याशी नीट बोलतात, जरा जास्तच नीट. नोहेआशी कुणी बोलत नाही. काईनालू एकदा दारात आला, उभा राहिला, गेला.

इवा आली त्या दुपारी नोहेआने तोंड धुतलं आणि म्हणाली, मी मार्लीन आंटीकडे जातेय. मी म्हटलं, मी येते. "नको." मी तरी गेले, रस्त्यापर्यंत. फाटकापाशी थांबले.

मार्लीनने दार उघडलं. आत बोलावलं नाही.

"मार्लीन आंटी, ती हरवली नव्हती. मी तिला पाठवलं होतं, मुद्दाम."

"मला माहीत आहे. मी तिथेच होते."

"आणि मग खोटं बोलले. सगळे खाली शोधत होते तेव्हा मला माहीत होतं ती वर आहे. मी ठरवून खोटं बोलले. घाबरून चुकून नाही."

मला वाटलं, आता मार्लीन हिला मारणार. मी फाटकाची कडी धरली होती. मार्लीनचे दोन्ही हात चौकटीवर होते.

"माझ्या दारात रडायचं नाही."

"रडत नाहीये."

"रडायचं असेल तर तुझ्या आंटीकडे जाऊन रड. मी सोळा दिवस झोपलेली नाही."

"हो."

आतून इवाचा आवाज आला, कोण आलंय? मार्लीनने वळून पाहिलं. मग म्हणाली, "उद्या शाळा सुटली की ये. माझी पाळी चारला सुरू होते, घरी कुणी नसतं. आणि मी तुला माफ केलं असं समजू नकोस. शुद्धीवर आल्यापासून तुझंच नाव घेतेय, मी काय करू? मला कामावर जावंच लागतं."

"येते."

"फुलंबिलं आणायची नाहीत."

नोहेआ परत आली. माझ्या शेजारून चालत होती. अर्धा रस्ता गेल्यावर विचारलं, "बाबांनी पलानी अंकलच्या आईला स्वतः सांगितलं होतं?"

"काय?"

"की गाडी ते चालवत होते."

"नाही. तिला कोर्टात कळलं."

"मग नंतर? पत्रातून?"

"नाही."

मग घरापर्यंत ती माझ्या चार पावलं पुढे चालली.

उलुलानी


९ मे

लोपाका,

सुनावणीत मी काय बोलले ते तुला मंडळाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे.

आधी मुलीचं. महिनाभर ती रोज मार्लीनकडे जातेय. इवाला उठवून बसवते, पायाचे व्यायाम करून घेते, आणि दोघी डॅरनच्या एका लॅपटॉपवर बसतात. तो लॅपटॉप नोहेआने गॅरेजमध्ये जाऊन मागून आणला. डॅरन नको म्हणत होता. ती म्हणाली, "इवाला वर्गाला यायचंय. ती येऊ शकत नाही, तर वर्ग तिकडे न्या." तो एकदा बघायला म्हणून गेला आणि आता मंगळवारी नि गुरुवारी मार्लीनच्या व्हरांड्यात सहा मुलं बसतात. बाकीच्यांच्या आईबापांनी पाठवलं नाही. मला त्यांचा राग नाही. मी मधे सुपात पानंफुलं घेऊन बसते, मुलं आधी हाताने करतात, मग तेच लिहितात. पडद्यावर एकेक फूल लागत जातं नि लेई होते.

इवाने लिहिलेला प्रोग्राम चालेचना. डॅरन बघतो तर तिने थांबायच्या सूचनाच नऊ-दहा घातलेल्या. पाऊस आला तर थांब. भूक लागली तर थांब. काटा टोचला तर थांब. नोहेआने हाक मारली तर थांब. यंत्र बिचारं पहिलं फूलही लावू शकत नव्हतं. सगळे हसले, इवाही. नोहेआ उठून न्हाणीघरात गेली, बराच वेळ नळ चालू होता. मार्लीन त्या दिवशी घरीच होती. ती दाराशी गेली आणि म्हणाली, "पाणी फुकट जातंय. बाहेर ये, भात खा." पहिल्यांदाच जेवायला थांबवलं.

आता सुनावणी.

फोनवर तिघं होते. त्यांनी विचारलं, तुमचं म्हणणं काय? नोहेआ माझ्या समोर बसली होती. मी म्हटलं, त्याच्या हातून माझा नवरा मेला, ते मी कसंबसं गिळलं असतं. पलानीही पिऊन मासे मारायला जायचा, तोही त्या दुपारी माझ्या भावाबरोबर हसत गाडीत बसला होता. पण नंतर तीन दिवस माझ्या भावाने ते मेलेल्या माणसावर ढकललं, आणि त्या तीन दिवसांत मी माझ्या नवऱ्याला शिव्या घालत होते. त्याच्या प्रेताला. ते माझ्याकडून गिळवत नाही.

त्यांनी विचारलं, म्हणजे तुमची हरकत आहे?

मला वाटलं होतं मी हो म्हणेन. मी गेली सहा वर्षं हे 'हो' तोंडात धरून बसलेय. पण डोंगरावर एक मुलगी कानामागे खाजवत असताना मी तिच्यासमोर उभी होते. ती माझ्या घरात जेवते, मी तिच्या केसांतल्या गाठी सोडवते. तिला मी घराबाहेर काढलेलं नाही.

मी म्हटलं, हरकत नाही. पत्ता राहू दे.

फोन ठेवला तर नोहेआ म्हणाली, "त्यांना नीट सांगा. नुसतं ये म्हणू नका. नाहीतर ते त्यांना हवं तसं समजतील."

म्हणून नीट सांगते. दारूचा एक थेंब घरात आला, तर त्याच संध्याकाळी तू बाहेर, मंडळाला फोन मी स्वतः करीन. मागची खोली तुझी, नोहेआच्या खोलीत तिने बोलावल्याशिवाय जायचं नाही, आणि ती बोलावेल असं मी म्हणत नाही. ती बोलली नाही तर तिला बोलायला लावायचं नाही, मलाही मध्ये घालायचं नाही. आणि घरी यायच्या आधी पलानीच्या आईकडे जायचं. विमानतळावरून थेट. ती आता ब्याऐंशीची आहे, तिला कमी ऐकू येतं, म्हणजे तुला मोठ्याने बोलावं लागेल. शेजाऱ्यांना ऐकू गेलं तर जाऊ दे. त्यांनाच ऐकायचंय ते. तू काय बोलणार ते मी शिकवणार नाही. गाडी कोण चालवत होतं आणि तू काय सांगत राहिलास, एवढं त्यात असलं पाहिजे.

हे मान्य नसेल तर दुसरा पत्ता दे. मी मंडळाला तसं कळवीन, राग धरणार नाही.

उलुलानी


२ जून

लोपाका,

तुझं पत्र आलं. चार पानं. मी दोनदा वाचलं. मान्य आहे म्हणतोस, ते वाचलं. बाकीचं तू समोर आलास की बोलू, किंवा नाही बोलणार.

नोहेआला पत्र दिलं. तिने व्हरांड्यात बसून वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं. मी विचारलं नाही. संध्याकाळी भांडी विसळताना स्वतःच म्हणाली, "भीती वाटते असं लिहिलंय त्यांनी, पलानी अंकलच्या आईकडे जायची."

"मग?"

"वाटणारच. मलाही मार्लीन आंटीच्या फाटकाशी वाटली होती." मग ताटली पुसत म्हणाली, "दारापर्यंत मी त्यांच्याबरोबर जाईन. आत नाही. आत त्यांनी एकट्यानेच जायचं."

मंडळाने सुटका मंजूर केली, म्हणजे गुरुवारी दुपारच्या विमानाने तू येशील. विमानतळावर लोकांच्या गळ्यात लेई पडतील, तुझ्या गळ्यात पडणार नाही. मी करू का म्हणून विचारलं, तर नोहेआ म्हणाली, अजून नाही. तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस. तिने 'अजून' म्हटलंय, ते मी ऐकलं.

आणि एक आधीच सांगून ठेवते, म्हणजे तिथे दचकणार नाहीस. साडेपंधरा पूर्ण झाली, तिला शिकाऊ परवाना मिळालाय. मोठं माणूस शेजारी असेल तर चालवता येतं. गाडी ती चालवणार आहे, तिनेच ठरवलंय. मी तिच्या शेजारी बसेन, तू मागे. पलानीच्या आईकडे पूर्वेच्या रस्त्याने जायचंय, दुसरा रस्ताच नाही. ते वळण येईल, जिथे पलानी गेला. तिथे ती गाडी हळू करेल, थांबवेल की तशीच पुढे नेईल, मला माहीत नाही, मी विचारलेलं नाही. तू पट्टा लावून बस, आणि तिला सांगायला जाऊ नकोस कसं चालवायचं ते.

उलुलानी